‘आम्ही’ आणि ‘आपण’ : कुलाबा जिल्ह्याच्या इतिहासातील दोन व्याकरणे आणि उजवा उग्रवाद

१

उजव्या उग्रवादाचा जागतिक उदय हा आता केवळ राज्यशास्त्राच्या अभ्यासाचा विषय राहिलेला नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या फ्रान्समधील नॅशनल फ्रंटचा नेता २००२ साली अध्यक्षपदाच्या निर्णायक फेरीत पोहोचला. २००० साली ऑस्ट्रियात अशाच स्वरूपाचा पक्ष सत्तेत भागीदार झाला. २०१० पासून हंगेरीत बहुमताच्या आधारे घटनात्मक संस्थांची फेररचना झाली. ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनमध्ये आणि ८ जानेवारी २०२३ रोजी ब्राझीलियामध्ये पराभूत पक्षाच्या समर्थकांनी लोकशाहीच्या वास्तूंवरच चाल केली. या घटनांच्या मागे अर्थकारण आहे, स्थलांतर आहे, पक्षव्यवस्थेची मोडतोड आहे. परंतु त्यांच्या मागे एक कथनही आहे, आणि कथन हा साहित्याच्या अभ्यासकाचा प्रांत होय.

कास मुड या डच अभ्यासकाने या चळवळींत एक उपयुक्त भेद केला आहे. लोकशाहीच नाकारणारे ‘अतिरेकी उजवे’ आणि बहुमताचे राज्य मान्य करून अल्पसंख्याकांचे हक्क, न्यायसंस्थेचे स्वातंत्र्य, मतभेदाची मुभा ही तिची अंगे नाकारणारे ‘उग्र उजवे’ असे हे दोन वर्ग होत. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे अशा प्रत्येक चळवळीस सरसकट ‘फासिस्ट’ म्हणून संबोधण्यातील ढिलाई लक्षात येते. तरीही या सर्वांत एक समान सूत्र आढळते. एक मूळचा, शुद्ध, एकसंध समाज. त्याला कोणीतरी केलेली जखम. त्या जखमेचे वाहक असे परके. आणि त्या परक्यांना आश्रय देणारे घरभेदी. या चार पात्रांच्या नाट्यातून कथानक उभे राहते. फ्रान्समध्ये रनो कामू याने २०११ साली मांडलेली ‘महाप्रतिस्थापना’ची कल्पना असो किंवा ५१ जणांचे प्राण घेणारा क्राइस्टचर्चचा १५ मार्च २०१९ चा हत्याकांडी हल्ला असो, पात्रयोजना तीच राहते.

मराठीत या कथनाची रचना तपासण्यास एक अनपेक्षित साधन व्याकरणातच उपलब्ध आहे. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ हे व्यावर्तक रूप होय. त्यात बोलणारा येतो, ऐकणारा येत नाही. ‘आपण’ हे समावेशक रूप होय. त्यात बोलणारा आणि ऐकणारा दोघेही येतात. इंग्रजी, फ्रेंच वा इटालियन भाषकाला हा भेद एका सर्वनामाने करता येत नाही. शिवाय ‘आपण’ हेच रूप मराठीत समोरच्याला उद्देशून आदरार्थीही वापरले जाते. म्हणजे समावेश आणि सन्मान यांची जागा भाषेने एकच ठेवली आहे. कोणत्याही राजकीय कथनाला, ते मराठीत बोलू लागले की, या दोन रूपांपैकी निवड करावीच लागते. उजव्या उग्रवादाचे वैशिष्ट्य असे की तो उच्चार ‘आपण’चा करतो आणि वाक्य मात्र ‘आम्ही’चे रचतो. हे कसे घडते, आणि त्याला प्रत्युत्तर देणारे वाक्य कोठे व कोणी रचले, याचा शोध एका जिल्ह्याच्या इतिहासातून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. तो जिल्हा म्हणजे पूर्वीचा कुलाबा, आजचा रायगड.

२

उग्र उजव्या विचाराशी मराठी वाचकाचा परिचय अलीकडचा नाही. ऑक्टोबर १९२२ मध्ये मुसोलिनीचे अनुयायी रोमवर चालून गेले आणि त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत इटलीतील नव्या राजवटीविषयी मराठी वृत्तपत्रांत नियमितपणे लिहिले जाऊ लागले. मार्झिया काझोलारी या इटालियन संशोधिकेने २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९२४ ते १९३५ या काळातील ‘केसरी’मधील अशा लेखनाचा मागोवा घेतला आहे. अराजकातून शिस्तीकडे, भांडखोर संसदेकडून एका कर्त्या पुरुषाकडे, मागासलेपणातून सामर्थ्याकडे असा प्रवास करणारे राष्ट्र ही इटलीची प्रतिमा त्या लेखनातून साकार होते. पारतंत्र्यातील सुशिक्षित मराठी वाचकाला त्या प्रतिमेत इटलीपेक्षा स्वतःचीच आकांक्षा दिसत होती. मॅझिनी आणि गॅरिबाल्डी यांची चरित्रे वाचून वाढलेल्या पिढीला इटली हा देश परका नव्हता. त्यामुळे एका इटलीवरून दुसऱ्या इटलीवर जाताना मध्ये काही ओलांडले जात आहे याची जाणीव फारशी झाली नाही.

या परिचयाने १९३१ मध्ये प्रत्यक्ष भेटीचे रूप घेतले. गोलमेज परिषदेहून परतताना डॉ. बा. शि. मुंजे इटलीत थांबले, १९ मार्च १९३१ रोजी त्यांनी मुसोलिनीची भेट घेतली आणि बालिल्ला या बालसंघटनेची व सैनिकी शिक्षणसंस्थांची पाहणी केली. त्यांनी दैनंदिनीत केलेल्या नोंदी उपलब्ध आहेत. १९३५ मध्ये त्यांनी सैनिकी शिक्षणासाठी संस्था स्थापन केली आणि १९३७ मध्ये नाशिकला भोसला सैनिकी विद्यालय सुरू झाले. १९३८ साली पुण्यातील भाषणात वि. दा. सावरकरांनी जर्मनीने नात्सीवाद आणि इटलीने फासिझम स्वीकारण्याचा त्या देशांचा अधिकार मान्य केला. हे तपशील येथे आरोपपत्रासाठी दिलेले नाहीत. त्याच सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत अस्पृश्यतेविरुद्ध काम केले, १९३१ मध्ये सर्व जातींना खुले असे पतितपावन मंदिर तेथे उभे राहिले, हेही तितकेच खरे आहे. परंतु १९२३ च्या ‘हिंदुत्व’ या ग्रंथात त्यांनी केलेली व्याख्या पाहिली तर या दोन गोष्टींतील नाते स्पष्ट होते. पितृभूमी आणि पुण्यभूमी या दुहेरी कसोटीने एका बाजूला जातिभेदाच्या भिंती खाली येतात आणि दुसऱ्या बाजूला एक नवी भिंत उभी राहते. मुसलमान वा ख्रिस्ती मनुष्य येथेच जन्मला, येथेच राबला आणि येथेच मेला तरी दुसऱ्या कसोटीवर तो कायमचा नापास होतो. आतल्या माणसांसाठी ‘आपण’ रुंद करण्याची किंमत बाहेरच्या माणसाने भरावयाची, असा हा व्यवहार होय.

वॉल्टर बेंजामिनने १९३६ मध्ये यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगातील कलाकृतीविषयी लिहिताना असे निदर्शनास आणले होते की, फासिझम जनसमूहांना अभिव्यक्ती देतो, पण मालमत्तेच्या संबंधांना हात लावत नाही. राजकारणाचे सौंदर्यीकरण हा त्याचा मार्ग असतो. गणवेश, संचलन, ध्वज, गर्जना यांच्या आकर्षणाचे हे अचूक विश्लेषण आहे. मात्र त्यातच एक प्रश्न गर्भित आहे. मालमत्तेच्या संबंधांना हात लावणारी चळवळ त्याच काळात मराठीत कोणत्या भाषेत बोलत होती? मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रसृष्टीत याचे उत्तर सहजी सापडत नाही. त्यासाठी धरमतरच्या खाडीकाठी उतरावे लागते.

३

पेणहून दक्षिणेकडे मुंबई-गोवा महामार्गाने निघाले की वडखळनंतर काही अंतरावर गडब लागते. महामार्गाच्या पश्चिमेला खाडीच्या दिशेने पसरलेल्या खाऱ्या जमिनी, पूर्वेला कातकरी आणि ठाकर वस्त्यांचे डोंगर, आणि मधल्या पट्ट्यात प्रामुख्याने आगरी समाजाची भातशेती करणारी गावे असा हा परिसर आहे. जवळच डोलवीचा पोलाद कारखाना आहे. महामार्गावरून धावणाऱ्याला त्याचे धुराडे दिसते, खारबांध दिसत नाही.

या पट्ट्यातील समाजजीवन समजण्यास खारबांध ही संस्था समजून घ्यावी लागते. समुद्राच्या भरतीपासून भाताची जमीन राखण्यासाठी माती, दगड आणि पेंढा यांचे बांध घालून ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या मिळविलेली आहे. उधाणाच्या भरतीत बांधाला खांड पडली की खारे पाणी कोणाच्या शेतात शिरावे हे सातबाऱ्यावर ठरत नाही. एकाच्या शेताची राखण सर्वांच्या शेताची राखण असते, आणि खांड बुजविण्यास सर्वांनाच जावे लागते. एकदा खारे पाणी शिरले की पुढची काही वर्षे ती जमीन नापीक राहते. अशा ठिकाणी ‘आपण’ हे सर्वनाम भावनेतून येत नाही, कामातून येते. त्याच्यात कोण येतो हे जन्माने ठरत नाही. बांधावर कोण उभे आहे यावर ते ठरते.

याचा अर्थ हा समाज समतेचा होता असे मात्र नव्हे. बांध घालणारा कष्टकरी आणि बांधाआडच्या पिकाचा धनी यांच्यात खोत आणि सावकार उभे होते. खोती ही मुळात सारावसुलीची व्यवस्था. कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांत ती वंशपरंपरागत सत्तेत परिणत झाली. खंडाव्यतिरिक्त वेठ, भेटी, नजराणे आणि कर्जाचा फास यांनी कूळ बांधलेले असे. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरला जंगल सत्याग्रहात रक्त सांडले, ते याच जिल्ह्यात. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पेण तालुक्यात शेतकरी परिषद भरली. तिच्यामागे दोन माणसे होती. एक, आगरी शेतकऱ्यांचे पुढारी नारायण नागू पाटील. आणि दुसरे, डॉ. आंबेडकरांचे सहकारी अनंत विनायक चित्रे. या दोन नावांच्या एकत्र येण्याचा अर्थ लावावयाचा तर तीन वर्षे मागे, महाडला जावे लागते.

४

महाड हे कुलाबा जिल्ह्यातीलच गाव. मुंबई विधिमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडला आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तो आपल्या हद्दीत मान्य केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. यानंतर काही तासांतच गावात एक अफवा पसरली : आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. आणि पांगलेल्या प्रतिनिधींवर हल्ले झाले.

अफवा ही एक संहिता म्हणून वाचण्याजोगी आहे. तळ्याचे पाणी ही घडलेली गोष्ट होती. तिच्यामागे विधिमंडळाचा ठराव होता, नगरपालिकेचा ठराव होता. तिच्याविरुद्ध हात उचलण्यास उघड कारण सापडत नव्हते. अफवेने घडलेल्या गोष्टीच्या जागी न घडलेली गोष्ट ठेवली, आणि आक्रमण करणाऱ्याला आत्मरक्षण करीत असल्याची खात्री दिली. देऊळ धोक्यात आहे, हे वाक्य उच्चारताच गावातील सर्व सवर्ण जातींतील परस्परभेद क्षणभर मिटले. जखमेचे कथन असे काम करते. त्याला पुराव्याची गरज नसते. म्हणून पुराव्याने ते खोडताही येत नाही. ‘देवळात कोणी शिरणार नव्हते’ हे सांगण्याने त्या दिवशी कोणाची लाठी खाली आली नाही. १९९२-९३ च्या मुंबई दंग्यांत सुमारे ९०० माणसे मृत्युमुखी पडली. त्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालातही अफवा आणि चिथावणीखोर वृत्तपत्रीय लेखन यांची दखल घ्यावी लागली आहे. पासष्ट वर्षांत अफवेच्या रचनेत फरक पडला नव्हता.

पण महाडचा खरा धडा हल्ल्यात नाही, हल्ल्यानंतरच्या वर्तनात आहे. हाती बळ असतानाही डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांना प्रतिहल्ल्यापासून परावृत्त केले. पुढे डिसेंबरातील सत्याग्रह परिषदेच्या आधी ब्राह्मणेतर चळवळीतील जेधे-जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला तो एका अटीवर : चळवळीत ब्राह्मण नकोत. ही अट डॉ. आंबेडकरांनी नाकारली. विरोध ब्राह्मण माणसांशी नाही, ब्राह्मण्याशी आहे, ही भूमिका त्यांनी घेतली. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला. ते जन्माने ब्राह्मण होते. परिषदेला गावात जागा मिळेना तेव्हा फत्तेखान या स्थानिक मुस्लिम गृहस्थाची जागा उपयोगी पडली. महाड नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंत चित्रे ही कायस्थ मंडळी संघटनेत होती.

हे तपशील सौहार्दाच्या सुभाषितांसाठी नेहमी सांगितले जातात, आणि त्यामुळे त्यांतील तात्त्विक मर्म हरवते. मर्म असे की, येथे शत्रूची व्याख्या बदलली आहे. ब्राह्मण्य ही वृत्ती आहे; ती सोडता येते. जे सोडता येते त्याच्याविरुद्धचा लढा संपू शकतो. जन्म सोडता येत नाही. म्हणून जन्माविरुद्धचा लढा कधी संपत नाही. तो फक्त समोरच्याच्या हकालपट्टीत वा संहारात थांबू शकतो. दोन्ही लढ्यांना ‘अन्यायाविरुद्धचा लढा’ हे एकच नाव देता येते, पण त्यांची व्याकरणे परस्परविरोधी आहेत.

५

हे व्याकरण शेतीच्या प्रश्नावर कसे उतरले याचे उदाहरण म्हणजे चरीचा संप. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे झालेल्या सभेत कुळांनी जमीन न कसण्याचा निर्णय घेतला. पंचवीस गावांतील हा संप १९३९ पर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षे चालला. शेतकऱ्याने शेत ओसाड ठेवावयाचे, ही कल्पनाच शेतकऱ्याच्या स्वभावाविरुद्ध आहे. या वर्षांत कुटुंबे मिळेल ती मजुरी करून जगली. डिसेंबर १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर चरीला आले. १९३७ मध्ये नारायण नागू पाटील यांनी ‘कृषीवल’ हे पत्र सुरू केले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर मोर्चाने गेले. १९३९ च्या कूळ कायद्याने कुळांना पहिले संरक्षण मिळाले. खोती कायद्याने नष्ट झाली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या अधिनियमान्वये.

या लढ्याची आणि समकालीन उजव्या कथनाची तुलना केली तर एक फरक ठळकपणे जाणवतो. ‘खोत’ हे नाव एका नात्याचे आहे. खोतांत ब्राह्मण होते, कायस्थ होते, मराठे होते, मुसलमानही होते. आणि कुळांत आगरी, मराठा, महार, मुसलमान असे सर्व होते. खोती नष्ट झाली तेव्हा एकाही खोताचा प्राण घ्यावा लागला नाही. कायद्याने नाते संपविले, माणूस राहिला. आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस शेजारी म्हणून ‘आपण’मध्ये येऊ शकत होता. आगरी आणि महार यांच्यातील सामाजिक अंतर या लढ्याने मिटले असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. परंतु दोघांनी एका व्यासपीठावरून एका मागणीचा उच्चार केला आणि महाडचे चित्रे चरीच्या शेतकऱ्यांत वावरले. ज्या वर्षांत मराठी वृत्तपत्रांचा काही भाग इटलीतील शिस्तीचे गोडवे गात होता, त्याच वर्षांत त्याच भाषेत, दोन दिवसांच्या वाटेवर, हे वाक्य रचले जात होते. दोहोंचा वाचकवर्ग वेगळा होता. आणि साहित्याच्या इतिहासाने पहिल्याची नोंद घेतली, दुसऱ्याची क्वचितच घेतली.

या ‘आपण’च्या मर्यादाही नोंदविणे भाग आहे. कूळ हा या लढ्याचा नायक होता. ज्याच्या नावे कसण्यापुरतीही जमीन नव्हती असा कातकरी त्यात दुय्यम राहिला. सहा वर्षे घर चालविणाऱ्या स्त्रियांचे श्रम संपाच्या इतिहासात ‘कुटुंबांनी सोसले’ या एका वाक्यात मावले. कूळ कायद्यानंतर कूळ मालक झाला आणि त्याचबरोबर लढ्याचा आधार असलेले नातेच संपले. ज्या चळवळीचे ‘आपण’ एका नात्यावर उभे आहे, तिला ते नाते संपल्यावर नवे ‘आपण’ घडवावे लागते. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या शेतकरी कामगार पक्षाने या जिल्ह्यात अनेक दशके ते घडविण्याचा प्रयत्न केला. पण जमिनीचा प्रश्न जसजसा विक्रीच्या भावाचा प्रश्न बनत गेला तसतशी त्या भाषेची धार कमी झाली.

६

ही पोकळी कशाने भरली याचे उत्तर मुंबईत सापडते. कारण कोकणचा इतिहास मुंबईच्या गिरण्यांवाचून लिहिता येत नाही. ऑगस्ट १९६० मध्ये ‘मार्मिक’ निघाले आणि १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाली. या चळवळीच्या आरंभीच्या वाङ्मयातील सर्वांत परिणामकारक प्रकार व्यंगचित्र हा नव्हता. तो यादी हा होता. मुंबईतील कंपन्यांतील अधिकाऱ्यांची नावे ‘वाचा आणि थंड बसा’ या शीर्षकाखाली छापली जात. पुढे शीर्षक ‘वाचा आणि उठा’ असे झाले. यादीत युक्तिवाद नसतो, विशेषण नसते, क्रियापदही नसते. आडनावे खाली खाली येतात आणि निष्कर्ष वाचकच काढतो. बेकारी हा गिरणी, भांडवल आणि शासन यांच्यातील नात्याचा प्रश्न होता. यादीने त्याचे रूपांतर आडनावांत केले. नात्याच्या जागी जन्म आला. साहित्यप्रकार म्हणून यादीचे सामर्थ्य येथे दिसते, आणि धोकाही.

या प्रवासात एक विसंगती लक्षणीय आहे. शिवसेनेला नाव देणारे प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे हे याच कुलाबा जिल्ह्यातील पनवेलचे. पुरोहितशाहीवर त्यांनी चढविलेल्या हल्ल्यांतील बोचरी, रांगडी, थेट वाचकाच्या अंगावर जाणारी शैली मराठी गद्याचा एक ठेवा आहे. तीच शैली पुढच्या पिढीत दुसऱ्या लक्ष्याकडे वळली. शैलीला स्वतःची नीती नसते हे समीक्षेने मान्य करावयास हवे. प्रबोधनाची भाषा वारशाने मिळते. प्रबोधनाचा विवेक वारशाने मिळत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. तो औपचारिकपणे कधी संपलाच नाही, पण गिरण्या संपल्या. लाल बावट्याच्या ‘आपण’मध्ये वाढलेले हजारो कामगार कोकणातल्या गावी परतले, तेव्हा त्यांच्या हाती ना काम होते, ना संघटना. १९८५ नंतर कोकणात शिवसेनेच्या शाखा पसरल्या त्या या पार्श्वभूमीवर. शाखा रुग्णवाहिका बोलवीत होती, दाखले मिळवून देत होती, भांडणे मिटवीत होती, तरुणाला नाव आणि पद देत होती. जी गोष्ट पूर्वी युनियन करी ती आता शाखा करू लागली. उजव्या चळवळींच्या विरोधकांनी त्यांच्या विचारधारेवर पुष्कळ लिहिले. त्या करीत असलेल्या या किरकोळ कामांवर फार थोडे लिहिले. विचाराचा विजय बहुधा अशा किरकोळ कामांच्या मागून येतो.

याच दशकात याच जिल्ह्यात दुसरे वाक्यही रचले गेले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात, नवी मुंबई व बंदर प्रकल्पांसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचे प्राण गेले. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा प्रकल्पग्रस्तांना देण्याचे धोरण या लढ्यातून आले. आज ‘भूमिपुत्र’ हा शब्द दोन्ही परंपरा वापरतात. एका वापरात भूमिपुत्र शासनाकडे जमिनीचा हिशेब मागतो. दुसऱ्या वापरात तो शेजारच्या टेबलावरील कारकुनाकडे जन्माचा दाखला मागतो. शब्द तोच, कर्म वेगळे. शब्दार्थाचा अभ्यास कोशात संपत नाही, तो वाक्यातील कर्मापर्यंत जावा लागतो, हे दाखविण्यास याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

७

कथनाच्या पातळीवरील झगडा या जिल्ह्याच्या नावातही आहे. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्या वेळी मुख्यमंत्री होते बॅरिस्टर ए. आर. अंतुले, म्हणजे शिवाजी महाराजांच्या राजधानीचे नाव जिल्ह्याला मिळाले ते याच जिल्ह्यातील एका कोकणी मुसलमान नेत्याच्या कारकिर्दीत. जखमेच्या कथनात या घटनेला जागा सापडत नाही, आणि म्हणूनच ती फारशी सांगितली जात नाही. महात्मा फुले यांनी १८६९ च्या पवाड्यात शिवाजी महाराजांना कुळवाड्यांचा राजा म्हणून पाहिले, आणि गोविंद पानसरे यांनी १९८८ च्या ‘शिवाजी कोण होता?’ या पुस्तिकेत तीच वाट पुढे नेली. पानसरे यांच्यावर फेब्रुवारी २०१५ मध्ये गोळ्या झाडण्यात आल्या. त्याआधी २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली होती. पुस्तिकेने शांतपणे विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. जखमेला मात्र सूड लागतो.

तथापि अवमानाचे हे कथन कोणा एका छावणीची मिरास नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला करून हस्तलिखितांची नासधूस करणारे कार्यकर्ते स्वतःला ब्राह्मणी परंपरेचे विरोधक मानत होते. जेधे-जवळकरांची अट डॉ. आंबेडकरांनी का नाकारली, याचे भाष्य पंचाहत्तरहून अधिक वर्षांनी त्या फुटलेल्या कपाटांनी केले. शत्रू जन्मावरून ठरविला की, बोलणारा कोणत्याही बाजूचा असो, वाक्य उजवीकडेच वळते.

८

मग प्रतिकाराचे काय? जागतिक चर्चेत यावर साधारणतः तीन उत्तरे दिली जातात : खोट्या प्रचाराचे पुराव्यानिशी खंडन, कायद्याचा अंमल आणि सर्व लोकशाहीवादी पक्षांनी उग्र उजव्यांशी सहकार्य नाकारणे. तिन्ही आवश्यक आहेत. तिसऱ्याचा अभाव किती महाग पडतो हे १९२२ ची इटली आणि १९३३ ची जर्मनी या दोहोंनी दाखविले आहे. दोन्ही ठिकाणी प्रस्थापित रूढिवाद्यांनीच दार उघडून दिले. परंतु कुलाब्याचा इतिहास या तिहींत एका चौथ्याची भर घालतो, आणि ते उत्तर साहित्याच्या अभ्यासकाला विशेष जवळचे वाटावे. ते म्हणजे जन्माच्या भाषेत मांडलेला प्रत्येक प्रश्न पुन्हा नात्याच्या भाषेत मांडणे, आणि ती मांडणी एखाद्या संस्थेच्या रोजच्या कामात टिकवून धरणे.

२१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील बावीस गावांत असे एक दृश्य घडले. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी उरण, पनवेल आणि पेण या तालुक्यांतील ४५ गावांच्या जमिनी घेण्याची प्रक्रिया २००६ मध्ये सुरू झाली होती. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील या बावीस गावांनी विरोध केला, प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे वृद्ध नेते त्या लढ्यात उतरले. आणि शेवटी प्रशासनाला शेतकऱ्यांचे मत घ्यावे लागले. कायद्याने बंधनकारक नसलेल्या या जनमताचा कौल प्रचंड बहुमताने भूसंपादनाच्या विरोधात होता. पुढे प्रकल्प मागे पडला. या लढ्यात परप्रांतीयाचा द्वेष करण्यास निमित्ताची उणीव नव्हती. कंपनी बाहेरची होती, भांडवल बाहेरचे होते. तरीही प्रश्न जमीन, पाणी आणि संमती यांचाच राहिला. कारण तो विचारणाऱ्यांच्या मागे चरीच्या संपाची स्मृती होती, आणि त्या स्मृतीला तिची स्वतःची भाषा होती.

ही भाषा आपोआप टिकत नाही, हेही तितकेच खरे. २००८ नंतर या पट्ट्यातील राजकारणाने अनेक वळणे घेतली. ज्या गावांनी एके दिवशी एकमुखाने मत दिले, तीच गावे पुढे निरनिराळ्या झेंड्यांखाली विभागली गेली. गडबसारख्या गावातील आजच्या तरुणाला चरी हे नाव ठाऊक असेल. पण त्याच्या हातात ठेकेदाराची नोकरी आहे, शेताचा तुकडा विकला गेला आहे, आणि खांड बुजविण्याचे काम गावाकडून सरकारी खात्याकडे गेले आहे. त्याच्या ‘आपण’ला कामाचा आधार उरलेला नाही. अशा वेळी त्याला एका प्राचीन जखमेचे आयते ‘आपण’ देऊ केले तर त्याने ते का नाकारावे, हा प्रश्न त्याला विचारण्याआधी विरोधकांनी स्वतःला विचारावयास हवा.

मराठी समीक्षेपुढील काम यातून स्पष्ट होते. ‘कृषीवल’चे जुने अंक, शेतकरी परिषदांचे ठराव, संपाच्या आठवणी, विधेयकांवरील भाषणे हे सारे मराठी गद्य आहे, आणि ते गद्य म्हणून अद्याप वाचले गेलेले नाही. उजव्या कथनाची चिकित्सा मराठीत पुष्कळ झाली. ज्या कथनाने त्याला या एका जिल्ह्यात पन्नास वर्षे थोपवून धरले त्याची काव्यशास्त्रीय चिकित्सा मात्र व्हावयाची आहे. त्यात कातकऱ्याचा आणि स्त्रीचा आवाज का बसला नाही, याचेही उत्तर त्या चिकित्सेला द्यावे लागेल. ते उत्तर न देता पुन्हा ‘आपण’ म्हटले, तर तेही शेवटी ‘आम्ही’च ठरेल.